बर्फावरची सुरगाठ

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगास शहापूर, वडगाव आणि खासबाग या तीन वसाहती एकमेकींस इतक्या बिलगून आहेत की, एक कोठे संपते व दुसरी कोठे सुरू होते हे तेथे जन्मलेल्या माणसासही चटकन सांगता येऊ नये. खासबाग म्हटले की बाहेरच्या वाचकांस कोल्हापूरचे कुस्तीचे मैदान आठवते. आम्ही सांगत आहोत ती खासबाग निराळी. हिची ओळख तांबड्या मातीने नव्हे, मागाच्या आवाजाने पटते. पूर्वी हातमाग होते. आता बहुतेक घरांतून यंत्रमाग आहेत. माजघरात माग, मागापलीकडे चूल आणि चुलीपलीकडे देवघर अशी येथील घरांची रचना. बोलणे अर्धे मराठीत, अर्धे कानडीत. एकाच वाक्यात दोन्ही भाषा आल्या तरी कोणास नवल वाटत नाही. दिवसभर हा खडखडाट चालू असतो आणि त्याचे कोणासही काही वाटत नाही. मात्र वीज गेली की सारी गल्ली एकाएकी मुकी होते व लोक दचकून उंबऱ्याशी येऊन उभे राहतात.

अशा या गल्लीत आमच्या अक्काचे घर आहे. गेल्या नाताळात तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, ऑस्ट्रियातील इन्सब्रुकहून घरी आला तो खांद्यावर मनुष्यभर लांबीची एक पिशवी घेऊन. पिशवीतून निघाल्या दोन स्की, म्हणजे बर्फावरून घसरत जाण्याच्या लांब, अरुंद, पुढे वळलेल्या फळ्या. समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीच हजार फूट उंचीच्या या गावात बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायची वस्तू. त्यामुळे अर्ध्या तासात अंगणात सारी गल्ली लोटली. जानेवारीत त्याला मित्रांबरोबर काश्मीरमध्ये गुलमर्गला जायचे होते, आणि मामांनीही बरोबर यावे असा त्याचा आग्रह होता.

बेळगावास स्कीचे नाव अगदीच अपरिचित आहे असे मात्र नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून याच शहरात आहे. इथे कवायत शिकलेले कित्येक जवान पुढे हिमालयाच्या सीमेवर जातात. गुलमर्गला १९४८ साली जनरल थिमय्यांच्या प्रेरणेने लष्कराची स्की शिकविणारी शाळा निघाली. तीच वाढत जाऊन १९६२ पासून हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल या नावाने ओळखली जाते. अंगणात जमलेल्या मंडळींत एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी फळीवरून हात फिरवून एवढेच म्हटले, "आमच्या वेळचं हे फार जड होतं बघा."

जड आणि हलके, येथेच खरी गोष्ट आहे. स्की म्हणजे नुसती फळी. तिला पाय जखडून ठेवणारा जो साचा असतो त्यास बायंडिंग म्हणतात. डोंगर स्वतःच्या पायांनी चढून मग घसरत उतरावयाचे, असा जो स्कीचा प्रकार आमचा भाचा करतो, त्यात या बायंडिंगला तीन परस्परविरोधी कामे करावी लागतात. चढताना टाच मोकळी हवी, कारण टाच उचलल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. उतरताना तीच टाच घट्ट हवी. आणि मनुष्य पडला, पाय मुरगळू लागला, की बूट आपोआप सुटला पाहिजे. नाहीतर फळीची सारी लांबी तरफेसारखी पायावर चालून हाड मोडते. गावाकडील आमच्या वाचकांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. बैल जुवाला जुंपताना शहाणा शेतकरी मानेखालच्या दोरीस निरगाठ मारीत नाही, सुरगाठ मारतो. बैल दिवसभर ओढील तरी सुटू नये आणि बैल पडला तर एका हिसक्यात सुटावी, अशी ती गाठ असते. बर्फावरची सगळी विद्या याच सुरगाठीची.

ही गाठ शोधण्यास माणसास बरीच वर्षे लागली. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतात सोंद्रे नूरहाइम नावाचा एक गरीब कुळवाडी होऊन गेला (१८२५–१८९७). त्याने झाडाच्या लवचिक मुळ्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून घेतला, तेव्हा कोठे फळी पायाबरोबर वळू लागली. पुढे लोखंडी पकडी आल्या. त्या पाय घट्ट धरीत, पण सोडीत नसत, आणि म्हणून स्की आणि मोडका पाय यांचे नाते लोकांच्या मनात पक्के बसले. यालमार वाम हा मूळचा नॉर्वेचा, पण अमेरिकेतील ओरेगन राज्यात स्थायिक झालेला नामांकित स्कीपटू. १९३७ साली त्याचा पाय मोडला. शस्त्रक्रियेनंतर गुंगीतून जागा होताच त्याने कागद-पेन्सिल मागितली व आपोआप सुटणाऱ्या पकडीचे चित्र काढले, असे सांगतात. दोनच वर्षांत त्याची पकड बाजारात आली.

आमच्या भाच्याच्या स्कीवर जी पकड होती तिचा जनक फ्रिट्झ बार्थेल हा ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातला. जड सामान पायांत घालून माँ ब्लाँसारखा पर्वत चढताना तो मेटाकुटीस आला आणि घरी परतल्यावर त्याने भार कमी करण्याचा ध्यास घेतला. त्याची युक्ती अशी की, बुटालाच यंत्राचा भाग बनवावयाचे. बुटाच्या चवड्याशी दोन्ही अंगांना पोलादी खळ्या बसवावयाच्या. फळीवर खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन जबडे, प्रत्येकास एकेक टोकदार खिळा. पाय मध्ये दाबला की स्प्रिंगच्या जोराने जबडे मिटतात व खिळे खळ्यांत जातात. टाचेकडे आणखी दोन खिळे असतात. ते बुटाच्या टाचेत शिरले की उतरणीसाठी पाय पक्का. तो टाचेचा तुकडा बाजूस फिरवला की खिळे दूर होतात आणि चढणीसाठी टाच मोकळी. १९८४ मध्ये त्याने याचे पेटंट मागितले. लोकांनी प्रथम हसून घेतले. आज डोंगर चढणारे बहुसंख्य स्कीपटू हीच पकड वापरतात.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातील तराजूवर आम्ही एका पायाची जोडणी तोलून पाहिली. तीनशे ग्रॅमही भरली नाही. जुन्या धाटणीच्या पकडी एका पायास किलोभर व त्याहूनही अधिक वजनाच्या असत. चढणीवर हजारो पावले टाकावयाची आणि दर पावलास हा भार उचलावयाचा, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्या खटाटोपाचे कारण कळते.

आता अक्काविषयी सांगितले पाहिजे. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये टिरोलमधील एका उतारावर भाच्याच्या डाव्या नळीचे हाड मोडले होते. पकडीच्या पुढच्या तोंडाशी एक लहान खटका असतो. चढताना जबडे उघडू नयेत म्हणून तो वर ओढून कुलूपबंद करतात आणि उतरण्यापूर्वी खाली सोडावयाचा असतो. उतार फार तीव्र आहे, वाटेत स्की निसटली तर दरीत जाऊ, या भीतीने भाच्याने तो बंदच ठेवला. ओल्या बर्फात फळी रुतली, शरीर वळले, फळी वळली नाही. सुरगाठीची त्याने स्वतःच्या हाताने निरगाठ केली होती. चार महिने तो कुबड्यांवर होता आणि ते चार महिने अक्का खासबागेत बसून फोनवर त्याच्या आवाजावरून त्याची चाल ओळखू पाहत होती. त्यामुळे ती फळी अंगणात आली तेव्हा सारी गल्ली हसत होती. अक्का हसली नाही.

"दोन सुया इकडे, दोन सुया तिकडे," ती म्हणाली. "त्यांच्यावर माझं पोर ठेवायचं होय रे?"

भाच्याने नवे बूट घेतले होते व त्यांचा तळ जुन्यांपेक्षा काही मिलिमीटर लांब होता. ज्या दुकानातून बूट घेतले त्याने पकड जुळवून देण्याचे कबूल करूनही ते काम केले नव्हते. म्हणून हे काम अंगणात, दोन पाटांवर स्की ठेवून करणे भाग होते. पहिली अडचण पेचकसाची आली. या पेचांच्या डोक्यावर अधिकाच्या खुणेमध्ये आणखी चार बारीक रेघा असतात. आपला नेहमीचा चौफुली पेचकस लावला तर घसरून डोके झिजते. शेवटी गल्लीतल्या मागांची दुरुस्ती करणाऱ्या जॉबरना बोलावणे धाडले. साठीचे गृहस्थ, बोटे तेलाने काळी. त्यांच्या पेटीत तसला पेचकस निघाला. कोठल्याशा विदेशी मागाबरोबर आला होता म्हणे.

टाचेचे खिळे ज्या तुकड्यात असतात तो बुटाला चिकटवून बसवावयाचा नसतो. या पकडीच्या माहितीपुस्तिकेत चार मिलिमीटरची फट ठेवण्यास सांगितले होते. (प्रत्येक कारखान्याचे माप वेगळे असते, काहींत साडेपाच, तर काहींत मुळीच फट ठेवीत नाहीत. म्हणून ज्याची त्याची पुस्तिका पाहणे हाच मार्ग.) फट कशाला, असे आम्ही विचारले. भाचा सांगू लागण्यापूर्वीच जॉबरनी फळीच्या दोन्ही टोकांखाली विटा ठेवून मध्यभागी हाताने दाबले. फळी वाकली, आणि बूट व टाचेचा तुकडा एकमेकांकडे सरकले. "आता फट नसती तर हे अडकलं असतं की, मास्तर. अडकलं म्हणजे सुटलं नसतं." फट मोजण्याची कारखान्याची पट्टी इन्सब्रुकलाच राहिली होती. जॉबरनी फीलर गेजच्या पोलादी पत्त्या एकावर एक रचून नेमके चार मिलिमीटर केले, त्या फटीत सारल्या व मागचा पेच पाव-पाव फेरा फिरवीत पत्त्या हलक्या घासून निघतील इतपत तुकडा पुढे आणला. दुसऱ्या पायासही तसेच.

मग आला आकड्याचा प्रश्न. किती जोर पडला म्हणजे पकडीने सोडावे हे ठरविणारे पेच निराळे असतात. बाजूस पिळवटून सुटण्याचा एक व टाच वर उचलून सुटण्याचा दुसरा. अतिहलक्या, शर्यतीच्या काही पकडींत यांपैकी एखादा बदलताच येत नाही. माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याची घसरण्याची धाटणी यांवरून तक्त्यात आकडा पाहावयाचा. पन्नाशी उलटली की तक्ता एक पायरी खाली उतरावयास सांगतो. हाडे जपावयाचे वय झाले, हे कारखानदारासही ठाऊक असते. भाच्याचे वजन अडुसष्ट किलो, उंची एकशे बाहत्तर सेंटिमीटर, तळ तीनशे पाच मिलिमीटर. सावधपणे जाणाऱ्यास साडेपाच, मध्यम जोराने जाणाऱ्यास साडेसहा.

"पाच कर," अक्का म्हणाली. "चार कर."

यावर भाचा गप्प राहिला. उत्तर जॉबरनी दिले, तेही तोंडाने नव्हे. शेजारच्या घरातील चालू मागापाशी ते आम्हा सर्वांस घेऊन गेले. मागावर धोटा ताण्याच्या दोन थरांमधून इकडून तिकडे धावतो व प्रत्येक फेरीनंतर फणी पुढे येऊन बाण्याचा धागा ठोकून बसविते. कधी धोटा मध्येच अडकतो. अशा वेळी फणी त्याच जोराने आदळली तर शेकडो धागे तुटतील. म्हणून या मागांवर फणी अशी धरलेली असते की, ठोकताना ती पक्की राहते, पण मध्ये धोटा सापडला तर मागे सरते आणि माग थांबतो. जॉबरनी तिला धरणारी स्प्रिंग थोडी सैल केली. माग चालू केला तर फणी जागच्या जागी डुगडुगू लागली व कापड विरळ येऊ लागले. "हे बघा अक्का. फार सैल ठेवलं तर नीट ठोकत नाही. भलत्या वेळी सोडतं." त्यांनी स्प्रिंग होती तशी केली. अक्का बराच वेळ फणीकडे पाहत राहिली. मागावर तिचा स्वतःचा जन्म गेलेला. हे तिला कोणी शिकवावे असे नव्हते, फक्त आपल्या मुलाच्या पायाशी त्याचा संबंध तिने जोडला नव्हता. अखेर आकडा सहावर आला. दोघांपैकी कोणाचेही पूर्ण समाधान झाले नाही, आणि आमच्या मते तोडगा बरा असल्याची ती खूण होती.

बूट पकडीत बसवून भाच्याने हाताने बाजूस रेटला; टाच खटकन सुटली. थोडेसे रेटून सोडले तर पुन्हा मध्यावर आली. तरीही त्याने स्पष्ट सांगितले की, हाताने पाहिलेले खरे माप नव्हे. पेचावर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष जोर यांत अंतर पडू शकते आणि ते मोजण्याचे यंत्र चांगल्या दुकानातच असते. जड पकड धक्का सोसून पुन्हा जागेवर येण्यात अधिक उदार असते, हलकीत तेवढी उदारता नाही, हेही त्याने आईपासून लपविले नाही. आम्हास त्याचा हा सरळपणा आवडला. हलक्या वस्तूचे गुणगान करणारे पुष्कळ भेटतात. हलकेपणाची किंमत सांगणारे थोडे.

प्रवासाचे वर्णन लांबवीत नाही. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तेथून कटरा आणि कटऱ्याहून जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या गाडीने चिनाब नदीवरील त्या प्रख्यात पुलावरून श्रीनगर. पूल नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच आहे. डब्यातील सर्वजण खिडकीशी धावले आणि तेवढ्यात बोगदा आला. श्रीनगरहून टंगमर्ग व तेथून तेरा किलोमीटरची चढण चढून गुलमर्ग.

गुलमर्ग सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात कुरण असते ते जानेवारीत पांढरी शुभ्र परात होते, आणि परातीच्या काठावर देवदारांची काळी रांग. टेकाडावर इंग्रजांच्या काळचे एक लहानसे दगडी चर्च आहे. छपरावर हातभर बर्फ होते. थंडी अशी की, मिशांवर श्वास गोठावा. तेथून पाळण्यांची तारवाट निघते. पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत झाला. दुसरा २००५ मध्ये अफरवाटच्या अंगावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत गेला. वर उतरले की शब्द फुटत नाही, काही दृश्यामुळे, काही विरळ हवेमुळे. याच अफरवाटच्या बाजूस फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीपटूंचा अंत झाला. हिमस्खलनात पायांस अडकलेल्या स्की नांगरासारख्या माणसास खाली ओढतात. तेथे न सुटणारी पकड म्हणजे काय, हे त्या उतारासमोर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागले नाही.

पहिले दोन दिवस मंडळी तारवाटेने गेलीच नाहीत. फळ्यांच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून (केस मागे झुकलेले असल्याने फळी पुढे सरकते, मागे घसरत नाही) देवदारांतून पायी चढली. आम्हीही गुडघाभर बर्फातून थोडे मागोमाग गेलो. भाच्याच्या मित्रांपैकी पुण्याच्या एका तरुणाचा बूट दर दहा पावलांस सुटू लागला. बिचारा स्प्रिंग कमजोर झाली म्हणून शिव्या देत होता. भाच्याने खाली बसून पाहिले. जबड्यांच्या खाली, स्प्रिंगजवळच्या पोकळीत, बर्फ दाबून दाबून खडा झाला होता; त्यामुळे जबडे पुरते मिटतच नव्हते. बुटाच्या खळ्यांतही तसाच खडा. काठीच्या टोकाने व एका वाकवलेल्या तारेने त्याने सर्व कोरून काढले, बूट बसविला, आणि टाच मोकळी असतानाच पाय मागेपुढे झोके दिल्यासारखा दहा-बारा वेळा हलविण्यास सांगितले. खळ्यांत उरलेले बर्फ खिळे स्वतःच खरवडून काढतात. मग बाजूने बुटास धक्का देऊन पाहिले. पुढे दिवसभर तो बूट सुटला नाही. पकड मिटताना जो 'टक्' आवाज येतो तो ऐकूनही ही मंडळी फसत नाहीत. आवाज येतो, पण खिळा खळीच्या काठावरच टेकलेला असू शकतो. म्हणून दर वेळी झोके, दर वेळी धक्का. यात किती वेळ जातो, असे आम्ही घड्याळ लावून पाहिले. अर्धे मिनिट.

तिसऱ्या दिवशी भाचा वरून उतरला. आम्ही कोंगडोरीस दुर्बीण घेऊन उभे होतो. निघण्यापूर्वी तो खाली वाकला व दोन्ही खटके हाताने चाचपून खाली सोडलेले आहेत की नाहीत हे त्याने पाहिले. एवढ्या दूरवरूनही ते वाकणे आम्हास ओळखू आले. मग तो निघाला. वळणामागून वळण घेत, पाठीमागे पिठासारखे बर्फ उडवीत, निम्मा उतार तो फार सुंदर आला. एका खोलगट जागी उजवी फळी बर्फाखालच्या कशात तरी अडली. तो पुढे फेकला गेला, दोनदा उलटला आणि पांढऱ्या धुरळ्यात दिसेनासा झाला.

किती क्षण गेले हे आम्ही मोजले नाहीत. धुरळा बसला तेव्हा तो गुडघ्यांवर होता. एक फळी पायात, दुसरी वीसेक हात वर, पडली होती तेथेच, बर्फात उभी रुतलेली. तो उठला, हात वर करून त्याने आम्हास खूण केली, आणि चढत जाऊन ती फळी काढली. मग आम्ही दुर्बिणीतून पाहिले: काठीच्या टोकाने त्याने बुटाची खळी कोरली, जबडे झाडले, पाय बसविला, झोके दिले, धक्का मारला, टाच दाबली. अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागला असावा, कारण पाय दुसऱ्यांदा काढून त्याने पुन्हा सर्व पहिल्यापासून केले.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. पडल्याचे त्याने लपविले नाही. पलीकडे माग चालू होते, त्यामुळे तिला ओरडून बोलावे लागत होते.

"कुठला पाय?"

"उजवा, आई."

"सुटला?"

"सुटला."

क्षणभर नुसते माग ऐकू आले. मग ती म्हणाली, "सहावरच होतं ना? की मागाहून वाढवलंस?"

"सहावरच."

"बरं. जेवलास का?"

रात्री खोलीत बुखारीजवळ त्याने स्की आडव्या घातल्या, जबडे फडक्याने कोरडे केले आणि जॉबरनी दिलेल्या त्या पेचकसाने एकेक पेच तपासला. डावीकडचे सर्व पेच घट्ट होते. उजव्या टाचेचा मागचा एक पेच पाव फेरा सैल झालेला आढळला. तो आवळून त्याने फट पुन्हा मोजली आणि दिवा मालवला.